पूलमध्ये बसून बाळाला पाजलं तर चालेल का?

पत्र: "ताई, माझी मुलगी पाच महिन्यांची झालीये, फक्त अंगावरच पिते. आम्ही दोघं तिला घेऊन पब्लिक स्विमिंग पूलला जातो, छोट्या मुलांच्या उथळ पूलमध्ये. मागच्या वेळी ती पाण्यातच रडायला लागली म्हणून मी तिथेच पायरीवर बसले आणि तिला पाजायला घेतलं, पाणी माझ्या पोटाच्या जरा वरपर्यंत होतं. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील, तर शेजारची एक बाई म्हणाली की हे घाण आहे, तुमचं दूध पाण्यात जातंय आणि आमची मुलं तेच पाणी पितात. दुसरी म्हणाली, अहो क्लोरीन जातंय बाळाच्या पोटात. मग लाइफगार्ड आला आणि म्हणाला टॉयलेटमध्ये जाऊन पाजा. मी रडतच घरी आले. नवरा म्हणतो सोडून दे, पण डोक्यातून जातच नाहीये. खरंच तिला काही होईल का? आणि मी पूलला जाणंच बंद करू का?"

अगं, आधी तुझ्या जिवाला जो घोर लागलाय तो काढते. त्या दोन मिनिटांनी तुझ्या लेकीला काही होण्याची भीती जवळपास नाहीच. ती नेहमीसारखी पितेय, खेळतेय, शी-शू नेहमीसारखी आहे ना, मग विषय संपला. पूल बंद करायचीही काही गरज नाही, बाळांना पाणी फार आवडतं आणि तुलाही त्या तासाभराची गरज असणार, पाच महिन्यांच्या बाळाच्या आईला घराबाहेर पडायला कारण मिळणं हेच मोठं आहे. पण पुढच्या वेळी पाण्यात बसून पाजू नकोस. बाहेर ये, कडेला बस, मग निवांत पाज. आणि हे मी त्या दोघींच्या बाजूने बोलत नाहीये बरं का, त्यांनी सांगितलेली कारणं बहुतेक चुकीचीच आहेत, खरी कारणं वेगळी आहेत आणि ती तुला कोणी सांगितलीच नाहीत.

आधी ते "दूध पाण्यात जातं, घाण होते" बघू, कारण मला वाटतं तुला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच. बाळ नीट लागलेलं असेल तर दूध त्याच्या तोंडात जातं, पाण्यात जातात ते चार थेंब, फारतर पान्हा फुटल्यावर दुसऱ्या बाजूने थोडं गळतं तेवढं. २५ मीटरच्या साध्या पूलमध्येसुद्धा तीन-चार लाख लिटर पाणी असतं, छोट्या पूलमध्ये अर्थात कमी, पण तिथेही हिशोब काही फार बदलत नाही. आणि त्याच पाण्यात सगळ्यांचा घाम, अंगाला लावलेलं तेल आणि क्रीम, केसांतलं काय काय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांची शू असते, त्याबद्दल कोणी आवाज काढत नाही आणि आईच्या दुधाच्या थेंबाला मात्र घाण म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेची सीडीसी म्हणून सरकारी आरोग्य यंत्रणा आहे, तिने १९८८ मध्येच सांगितलंय की रक्त हाताळताना जशी खबरदारी घ्यावी लागते तशी आईच्या दुधाला लागत नाही, अपवाद फक्त मिल्क बँकेसारख्या ठिकाणी, जिथे सतत दूध हाताळावं लागतं. एचआयव्ही वगैरे कोणाच्या मनात आलं असेल तर तेही सांगते, आईला एचआयव्ही असेल तर तो दूध पिणाऱ्या तिच्या स्वतःच्या बाळाला होऊ शकतो हे खरं, पण पूलच्या पाण्यातून तो कोणालाच होत नाही. म्हणजे त्या बाईच्या मुलांना तुझ्या दुधापासून धोका नव्हता. शून्य. हे डोक्यात पक्कं बसव आणि ती गोष्ट तिथेच सोडून दे.

आता क्लोरीन. चांगल्या ठेवलेल्या पूलमध्ये मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं, साधारण १ ते ३ पीपीएम ठेवतात, म्हणजे लिटरभर पाण्यात १ ते ३ मिलिग्रॅम. सीडीसी म्हणते कमीत कमी १ हवंच, आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, ७ ते ७.८ च्या मधे. आता तुलना म्हणून, जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात क्लोरीन जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालेल असं धरलंय. तर तुझ्या ओल्या त्वचेवर चिकटलेल्या थेंबभर पाण्यातलं क्लोरीन बाळाच्या जिभेला लागलं तर काय होणार? चव जरा वेगळी लागेल, एखादं बाळ तोंड वाकडं करेल, सोडेल, परत धरेल. बस. आणि तू तासभर पोहलीस म्हणून क्लोरीन तुझ्या दुधात उतरत नाही, हीही एक भीती बऱ्याच जणींना असते. दुधात काही बदल होत नाही, पोहून आल्यावर "आता दोन तास पाजू नको" असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. व्यायामाने दूध आंबतं वगैरे पण काही नसतं, नेहमीच्या पोहण्याने तर नाहीच.

पण क्लोरीनची एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती पाण्यात नाही, हवेत आहे. आपण इनडोअर पूलला गेलो की एक उग्र वास येतो ना, डोळे चुरचुरतात, आणि आपण म्हणतो वा, भरपूर क्लोरीन टाकलंय, स्वच्छ आहे पूल. उलट आहे ते. तो वास क्लोरॅमिनचा, म्हणजे क्लोरीन जेव्हा घाम आणि शूशी मिसळतं तेव्हा तयार होणाऱ्या गॅसचा. स्वच्छ पूलला वास फार येत नाही. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो त्यामुळे तो वर न जाता पाण्याच्या लगत साठून राहतो. आता तू पाण्यात बसून पाजत होतीस तेव्हा तुझं नाक कुठे होतं आणि तिचं कुठे होतं बघ, तुझं दीड-दोन फूट वर आणि तिचं अगदी पाण्याच्या पातळीवर, त्याच थरात. दोन मिनिटांनी काही होत नाही पण वीस मिनिटांचं फीड असेल तर बाळ तेवढा वेळ ती हवा ओढत राहणार. म्हणून पूलच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जर घशाला खवखव वाटली, खोकला आला, तर त्या दिवशी बाळाला आत नेऊच नकोस, सरळ परत फिर, तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

मग पाण्यात पाजण्यात खऱ्या अडचणी काय, तर पहिली म्हणजे बाळाच्या पोटात जाणारं पाणी. हे जरा डोळ्यांसमोर आण. तू पायरीवर बसलीयेस, पाणी पोटाच्या वर, छाती ओली. बाळ आडवं, त्याचा कान आणि गाल जवळपास पाण्याला टेकलेला. शेजारी कोणीतरी पाय आपटला, लहान लाट आली. शिवाय तुझ्या ओल्या केसांतून पाणी मानेवरून खाली येतं आणि छातीवरून ओघळत थेट निप्पलपाशी, बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात. पिताना बाळ ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका तालात करत असतं, त्यात मधेच बाहेरचं पाणी शिरलं की ताल चुकतो, ठसका लागतो. ओल्या त्वचेवर पकडही नीट बसत नाही, ओठ घसरतात, म्हणून ते सोडून परत धरतं, आणि प्रत्येक वेळी धरताना उघड्या तोंडात थोडं पाणी. मोठ्यांना हे किती जातं त्याचा अंदाज २००६ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात आहे, ४५ मिनिटं पोहताना मोठ्या माणसांच्या पोटात सरासरी १६ मिली आणि मुलांच्या पोटात ३७ मिली पाणी गेलं होतं, आणि ही सगळी पोहता येणारी मुलं होती, तोंड मिटायचं कळणारी. पाच महिन्यांच्या बाळाला ते कळत नाही. साधारण सहा महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड पाण्यात गेलं की श्वास आपोआप रोखला जातो, पण त्याचा अर्थ पाणी गिळलं जात नाही असा नाही, ते गिळतंच.

आणि लहान बाळाच्या पोटात साधं पाणी जास्त गेलं तर त्याच्या रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं, किडन्या अजून तेवढं पाणी बाहेर टाकण्याइतक्या तयार नसतात, म्हणूनच सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी पाजायचं नाही असं सांगतात. त्यात पूलमध्ये बुडवून-काढून खेळवणं, पाण्याखाली फोटो काढणं हे जे काही लोक करतात ते मला अजिबात पटत नाही, सोडियम घसरण्याची भीती खरं तर तिथे जास्त आहे, पाजण्यात कमी. पण पाजताना जाणारे घोट त्यात भर घालतातच की.

जंतूंचं म्हणशील तर क्लोरीन बहुतेकांना मारतं, पण सगळ्यांना सारख्या वेगाने नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं. १ पीपीएम क्लोरीनमध्ये ई-कोलायचा त्रासदायक प्रकार एका मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए चा व्हायरस साधारण १६ मिनिटांत, जिआर्डिया हा परजीवी साधारण ४५ मिनिटांत, आणि क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) नावाचा आणखी एक परजीवी आहे तो मरायला दहा दिवसांपेक्षा जास्त लागतात. दहा दिवस! म्हणजे पूलवाल्यांनी सगळं चोख ठेवलं तरी काल जुलाब होत असलेलं मूल त्यात उतरलं असेल तर तो परजीवी आज पाण्यात जिवंत असू शकतो, आणि एक घोट पोटात जाणं पुरतं. मोठ्यांना आठवडा-दोन आठवडे जुलाब होऊन जातात, लहान बाळ मात्र लवकर सुकतं. तू अंगावर पाजतेस याचा तिला फायदा आहे, दुधातल्या अँटिबॉडीज आतड्याच्या इन्फेक्शनपासून बऱ्यापैकी वाचवतात, पण त्या भरवशावर पूलचं पाणी तोंडात जाऊ द्यायचं असा अर्थ नको काढूस.

आता एक गोष्ट सांगते जी तुला त्या बायकांनी सांगितली असती तर मी म्हटलं असतं हो, यात तथ्य आहे. बाळ प्यायला लागलं की बऱ्याचदा त्याच वेळी शी करतं, पोटात दूध पडलं की आतडी हलायला लागतात, हे तू रोज बघतच असशील. आणि फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते. स्विम डायपर घट्ट शी थोडा वेळ अडवतो, पातळ शी अडवत नाही, त्यातून ती पाण्यात झिरपतेच, कितीही महागाचा घे. म्हणजे पाण्यात बसून पाजलं तर दुधाचे चार थेंब सोडून दुसऱ्या बाजूने जे जाऊ शकतं ती खरी घाण, आणि ती इतर मुलांच्या दृष्टीने काळजीची. सीडीसीच्या नियमाप्रमाणे घट्ट शी पडली तर पूल अर्धा तास बंद ठेवून भागतं, जुलाबासारखी पडली तर मात्र २० पीपीएम क्लोरीन टाकून जवळपास १३ तास बंद ठेवावा लागतो. त्यामुळे पाण्याबाहेर पाज, ढेकर काढ, डायपर बघ, आणि मगच परत उतर. डायपर तसाही दर तासाने बघायचा आणि पूलच्या कडेला नाही, बदलायच्या जागीच बदलायचा, आणि नंतर तुझे हात साबणाने धुवायचे. तिला जुलाब होत असतील तर पूल नाही म्हणजे नाही, आणि क्रिप्टोचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे नाही.

दूध उलटण्याचंही तसंच आहे, पोट भरल्या भरल्या पाण्यात हलवलं की गुळणी येते. थोडीशी गुळणी म्हणजे काही आकाश कोसळत नाही, पण पोटातलं सगळं बाहेर आलं तर लाइफगार्डला सांगावं, लाजू नये, त्यांना त्याची सवय असते.

निसटण्याचं तर तुला वेगळं सांगायला नको. ओलं बाळ हातातून साबणाच्या वडीसारखं सटकतं. त्यात पाजताना एक हात कपड्याला, एक हात डोक्याखाली, आणि पान्हा फुटला की आपल्यालाही एक सुस्ती येते, डोळे जड होतात, हे शरीराचंच काम आहे. घरी गादीवर ती सुस्ती छान, पाण्यात नको. बाळाला बुडायला खोल पाणी लागत नाही आणि ते आवाज करत नाही, म्हणून पाण्यात असताना पूर्ण लक्ष आणि दोन्ही हात तिच्यावर, दुसरं काही काम नाही, पाजणंसुद्धा नाही. मला विचारशील तर न पाजण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, क्लोरीन कुठे खाली येतं.

आणि थंडी. मोठा पूल साधारण २६ ते २८ अंशांवर असतो, पोहणाऱ्याला बरं वाटतं, बाळाला ते गार. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा एनएचएस साधारण ३२ अंशांचा गरम केलेला बेबी पूल सांगते. खेळताना बाळ हातपाय हलवत असतं, पिताना ते शांत पडून राहतं, त्यामुळे पाण्यात पाजताना ते आणखी लवकर गार पडतं. हातपाय तर तसेही गारच असतात, त्यावरून ठरवू नकोस, मानेच्या मागे आणि छातीवर हात लावून बघ. तिथे गार लागलं, ओठांभोवती निळसर दिसलं, अंग थरथरलं किंवा ती एकदम गप्प झाली, की लगेच बाहेर. सुरुवातीला दहा मिनिटं पाण्यात पुरेत, सवय झाली की हळूहळू वाढव, अर्ध्या तासाच्या वर पाच महिन्यांच्या बाळाला कशाला.

मग करायचं काय. निघायच्या आधी घरी किंवा तिथे पोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी पाज, मग थोडा वेळ जाऊ दे, अर्धा तास म्हण, म्हणजे ढेकर निघते, बऱ्याचदा शी पण होऊन जाते. हा काही कडक नियम नाही, भूक लागली तर लागली, पण असं केलंस तर पाण्यात ती रडेल कशाला, आणि तुझीही छाती हलकी राहते, भरलेल्या छातीने घट्ट स्विमसूट घालून पोहलं तर दाब पडून गाठी होतात, दुखतं. ब्रेस्ट पॅड लावत असशील तर पाण्यात जाताना काढून ठेव, ते पाणी शोषून जड होतात आणि मग ओलं ते तासन् तास अंगाला लागून राहतं.

ती मधेच भुकेने रडली तर बाहेर ये, आधी तिला कोरडं कर, टोपी किंवा टॉवेलचा कोपरा डोक्यावर घे, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळ, मग स्वतःचे केस बांध किंवा टॉवेलने गुंडाळ म्हणजे पाणी ठिबकणार नाही. शॉवर जवळ असेल तर छातीवरून साधं पाणी घाल आणि टिपून घे. नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी एका स्वच्छ कापडावर घेऊन पुसून घे, तेही नसेल आणि बाळ आकांत करत असेल तर कोरड्या टॉवेलने पूस आणि पाज, पोराला भुकेलं ठेवून शॉवर शोधत फिरू नकोस. साबण लावू नको, निप्पल कोरडं पडून चिरतं. सनस्क्रीन लावलं असेल तर तेवढा भाग मात्र नीट पुसायचाच. उघड्यावरचा पूल असेल तर सावलीत बस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवायचंच नाही. कडेला बसताना पाय पाण्यात सोडून बसलीस तरी हरकत नाही, फक्त जिथे मुलं उड्या मारतात तिथे नको, आणि भिंतीला टेकून बसलीस तर सगळ्यात उत्तम. घरी आल्यावर दोघींनी साध्या पाण्याने अंघोळ करायची, तू ओला स्विमसूट अंगावर ठेवून घरापर्यंत यायचं नाही, ओलाव्याने फंगल इन्फेक्शन होतं आणि ते तुझ्याकडून तिच्या तोंडात आणि तिच्या तोंडातून परत तुला असं फिरत राहतं.

"मिठाचा पूल आहे, त्यात क्लोरीन नसतं" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही, त्या मिठापासूनच यंत्र क्लोरीन तयार करतं, तेव्हा सगळं तेच लागू. हॉट टबमध्ये मात्र बाळाला नेऊच नकोस, मांडीवर घेऊनही नाही, पाणी फार गरम असतं. आणि घरचा फुगवायचा छोटा पूल असतो त्यात क्लोरीन काहीच नसतं, त्यामुळे दर वेळी ताजं पाणी भरायचं आणि खेळून झालं की ओतून, पुसून, वाळवून ठेवायचं, उद्यासाठी तेच पाणी ठेवायचं नाही.

पूलवरून आल्यावर काय बघायचं तेही सांगते, घाबरवायला नाही, माहीत असावं म्हणून. एखाद-दुसरा ठसका, जरा जास्त शू, दमून लवकर झोपणं, हे सगळं ठीक. पण ती सारखी उलट्या करतेय, खोकला थांबत नाहीये, श्वास जोरजोरात चाललाय, उठवूनही नीट जागी होत नाही, अंग ढिलं पडलंय किंवा झटके येतायत, तर फोनवर कोणाला विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि तिथे सांगा की पूलमध्ये गेलो होतो. जुलाब मात्र लगेच दिसत नाहीत, क्रिप्टोचे दोन ते दहा दिवसांनी सुरू होऊ शकतात, म्हणून आठवड्याभराने पोट बिघडलं तरी डॉक्टरांना पूलचं सांगायचं. आणि जुलाबात अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं.

राहिला तो लाइफगार्ड. "पाण्याबाहेर येऊन पाजा" एवढंच म्हणाला असता तर तो बरोबर होता, आणि तसा नियम पूलने ठेवला तर मला तो रास्त वाटतो, पाण्यात खायचं-प्यायचं नाही हा नियम सगळ्यांना असतोच. पण टॉयलेटमध्ये जा म्हणणं हे चूक, ठार चूक. जिथे ओल्या फरशीवर सगळ्यांचे पाय पडतात, जिथे फ्लशचे तुषार उडतात, तिथे बसून आपण स्वतः जेवू का? मग बाळाने का? ब्रिटनमध्ये २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे अशा सार्वजनिक ठिकाणी पाजणाऱ्या आईला तिथून घालवून देणं बेकायदा आहे, अमेरिकेत २०१८ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत आईला सार्वजनिक ठिकाणी पाजायला परवानगी देणारा कायदा झालाय. तू जिथे आहेस तिथला कायदा आणि पूलचा नियम काय ते आधी विचारून घे, आणि भांडायला म्हणून नको, फोन करून सरळ विचार की "मला पाण्याबाहेर, कडेला बसून बाळाला पाजायचं असेल तर तुमची कुठली जागा आहे?" बऱ्याच ठिकाणी मॅनेजर चांगला असतो, एक खुर्ची आणि कोपरा काढून देतो, त्या पोऱ्या लाइफगार्डला कोणी शिकवलेलंच नसतं इतकंच. आणि ते टॉयलेटच म्हणाले तर लेखी तक्रार दे, ती तुझ्या नवऱ्याने लिहिली तरी चालेल, त्याला सांग की सोडून दे म्हणण्यापेक्षा हे कर. पुढच्या वेळी पाजायला बसशील तेव्हा त्याला तुझ्या शेजारीच बसायला सांग, कोरडा टॉवेल त्याच्या हातात दे, आणि कोणी काही बोललं तर उत्तर त्याने द्यायचं, तू बाळाकडे बघ.